आधी कोण उठणार?

मित्रांनो, ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरला एक प्रश्न ठरलेला असतो: ‘संगणकाची बूट प्रक्रिया स्पष्ट करा.’ आपणही ठरलेलं उत्तर लिहितो. वीज आली, बायोसने तपासणी केली, बूटलोडर आला, त्याने कर्नल मेमरीत आणला, कर्नल सुरू झाला, लॉगिन आलं. सोबत आकृती काढली की मार्क पक्के! पण ‘कर्नल सुरू झाला’ आणि ‘लॉगिन आलं’ या दोन वाक्यांच्या मध्ये जे काही घडतं, त्यावर आपल्या नोट्समध्ये एक ओळही नसते. माझं स्पष्ट मत आहे की खरा अभ्यास तिथेच सुरू होतो. आणि भद्रावती-चंद्रपूरच्या मुलांना तर तो समजून घ्यायला लांब जायचीही गरज नाही. तोच प्रश्न आपल्या शेजारच्या वीज केंद्रांत रोज सोडवला जातो. काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली गत आहे.

आधी प्रश्न समजून घेऊ. आपल्या प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे आणि त्याला टचस्क्रीन आहे. हा टचस्क्रीन चालू व्हायला काय काय लागतं? त्याला ठरावीक व्होल्टेजची वीज लागते, ती रेग्युलेटर देतो. तो रेग्युलेटर बहुधा पॉवर मॅनेजमेंटच्या एका चिपमध्ये बसलेला असतो. त्या चिपशी बोलायचं तर आय-टू-सी नावाची दोन तारांची बस लागते. त्या बसचा कंट्रोलर चालायला क्लॉक लागतो. शिवाय टचस्क्रीनला रिसेट करायला एक जीपीआयओ पिन हवी आणि बोट टेकल्याचं कळवायला इंटरप्टची लाईन हवी. म्हणजे आधी क्लॉक, मग बस, मग पॉवरची चिप, मग रेग्युलेटर आणि सगळ्यांत शेवटी टचस्क्रीन. मधला एक गडी उठला नाही की पुढचे सगळे अंथरुणातच! एका मोबाईलमध्ये असे कितीतरी गडी असतात, आणि कोणाचं कोणावाचून अडतं हे जाळं मोठ्या एकत्र कुटुंबातल्या नात्यांसारखं गुंतलेलं असतं.

डेस्कटॉप संगणकात हे ओझं बरंच हलकं असतं. पीसीआय किंवा यूएसबीवरच्या उपकरणाला विचारलं की ते स्वतःची ओळख सांगतं, आणि वीज, क्लॉक वगैरेची बरीचशी व्यवस्था बायोसने आधीच लावून ठेवलेली असते. मोबाईलमध्ये किंवा रास्पबेरी पायसारख्या बोर्डवर तसं नाही. तिथली बरीच उपकरणं मुकी. कुठली चिप कुठे बसली आहे, ती कोणत्या रेग्युलेटरवर चालते, हे कर्नलला ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या वर्णनातून आधीच सांगावं लागतं. हे वर्णन पुढे महत्त्वाचं ठरणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

आता लिनक्स कर्नलने या प्रश्नाला वेळोवेळी दिलेली तीन उत्तरं बघू.

पहिलं उत्तर पायऱ्यांचं. कर्नलमधल्या सुरुवातीच्या कामांना इनिटकॉल म्हणतात आणि त्यांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. कोअर, पोस्टकोअर, आर्क, सबसिस, एफएस, डिव्हाइस आणि शेवटी लेट. एका पायरीची सगळी कामं आटोपली की पुढची पायरी. ड्रायव्हर लिहिणारा आपला ड्रायव्हर यांपैकी एका पायरीवर नेऊन ठेवतो. पण एकाच पायरीवर दोन ड्रायव्हर आले तर? तर लिंक करताना जो आधी आला तो आधी, म्हणजेच मेकफाईलमध्ये ज्याचं नाव वर तो आधी. रेग्युलेटर टचस्क्रीनच्या आधी उठायला हवा ना, मग ढकला त्याला सबसिसच्या पायरीवर! असं वर्षानुवर्षं चाललं. का ढकललं ते मात्र कोडमध्ये कुठे दिसायचं नाही. जुन्या युनिक्समध्येही सर्व्हिसच्या फाईलच्या नावात एस१०, एस८० असे आकडे असायचे. आकडा वाचता यायचा, त्यामागचं कारण वाचता यायचं नाही. पुढे एकच कर्नल वेगवेगळ्या बोर्डांवर चालवायची वेळ आली, तेव्हा ही पद्धत तोकडी पडली. एका बोर्डवर ‘अ’ आधी हवा, दुसऱ्यावर ‘ब’ आधी हवा. पायऱ्या वाढवून वाढवून किती वाढवणार?

दुसरं उत्तर २०१२ मध्ये लिनक्सच्या ३.४ आवृत्तीत आलं. ग्रँट लाइकली यांनी आणलेली ही ‘डिफर्ड प्रोब’ पद्धत. कल्पना अगदी साधी आहे. ड्रायव्हर उठतो आणि बघतो, माझा रेग्युलेटर आला का? नसेल तर भांडण नाही, रडारड नाही. तो फक्त ‘नंतर बोलवा’ असा निरोप देऊन बाजूला होतो. या निरोपाचा एरर क्रमांक आहे ५१७. कर्नल त्याचं नाव एका यादीत टाकतो, आणि दुसरा कुठलाही ड्रायव्हर यशस्वीपणे सुरू झाला की यादीतल्या सगळ्यांना परत एकदा विचारतो. मेसच्या दाराशी उभ्या पोरांसारखं आहे हे. आतून जरा कुठे ताट वाजलं की सगळे मिळून विचारणार, ‘काका, झालं का?’ काका म्हणणार, ‘नाही’. सगळे परत जागेवर. पुन्हा ताट वाजलं, पुन्हा तोच प्रश्न. शेवटी जेवण मिळतं हे खरं. क्रम कोणालाही माहीत नसताना काम होतं, ही या पद्धतीची मोठी खुबी आहे, आणि तिने असंख्य बोर्ड चालते केले.

पण तिच्या उणिवाही तेवढ्याच खऱ्या आहेत. एकेक ड्रायव्हर अनेकदा उठतो, अर्धवट काम करतो, केलेलं आवरतो आणि परत जातो. त्यात वेळ जातो. दुसरं म्हणजे, जो कधीच येणार नाही त्याची वाट बघणारा आणि जो आता येईलच त्याची वाट बघणारा, दोघे यादीत सारखेच दिसतात. आणि तिसरी उणीव सगळ्यांत मोठी: इतकी धडपड होऊनही कर्नलला कोणाला कोण लागतं हे कळलेलंच नसतं. सकाळी सगळे कसेबसे उठले, एवढंच त्याला माहीत. रात्री कोणाला आधी झोपवायचं, हे त्याला त्यावरून नीट सांगता येत नाही.

तिसरं उत्तर इथून सुरू होतं. २०१७ मध्ये ४.१० आवृत्तीत राफाएल विसोत्स्की यांच्या कामातून ‘डिव्हाइस लिंक’ आली. हा पुरवठादार, हा ग्राहक, अशी दोन उपकरणांमधली नोंद कर्नलमध्ये करता येऊ लागली. पण ही नोंद प्रत्येक ड्रायव्हरने हाताने करायची म्हणजे पुन्हा कटकटच. मग सरवणा कण्णन यांनी विचार केला की ही माहिती तर डिव्हाइस ट्रीमध्ये आधीपासूनच लिहिलेली आहे! टचस्क्रीनच्या नोंदीत त्याच्या रेग्युलेटरचं नाव आहे, क्लॉकचं आहे, पिनचं आहे. ती वाचून कर्नलने स्वतःच या लिंक का बांधू नयेत? ‘एफडब्ल्यू डेव्हलिंक’ ती हीच पद्धत. २०२१ मध्ये ती मूळ व्यवस्थेत चालू केली, काही बोर्ड उठेनात म्हणून मागे घेतली आणि दुरुस्त्या करून ५.१३ आवृत्तीत पुन्हा चालू केली. आता पुरवठादार तयार होईपर्यंत ग्राहकाला उगाच उठवलंच जात नाही.

याचा फायदा फक्त सकाळपुरता नाही. मोबाईल झोपवताना क्रम उलटा लागतो. आधी टचस्क्रीन, मग रेग्युलेटर, मग बस. ज्याच्या जिवावर दुसरे चालतात त्याने सगळ्यांत शेवटी झोपायचं. लिंक लिहिलेली असली की हा उलटा क्रमही तिच्यातूनच मिळतो. आणखी एक नाजूक गोष्ट आहे. बूटलोडरने स्क्रीन आधीच लावून ठेवलेली असते. कर्नल उठतो, त्याला वाटतं हा रेग्युलेटर कोणी वापरत नाही, आणि तो बंद करून टाकतो. स्क्रीनचा ड्रायव्हर अजून यायचाच असतो आणि समोर अंधार! लिंक माहीत असल्या की कर्नल पुरवठादाराला सांगू शकतो, ‘तुझे सगळे ग्राहक आले, आता उरलेलं बंद करायला हरकत नाही.’ तोपर्यंत जे चालू आहे ते चालू राहू दे.

आता हे सगळं सोडून जरा बाहेर बघू. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र आपल्याला नवीन नाही. आज त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे. पण एवढी वीज करणाऱ्या केंद्राला स्वतःला उठायलाही वीज लागते, हे किती जणांच्या लक्षात येतं? कूलिंग वॉटरचे पंप, बॉयलर फीड पंप, कोळसा दळणाऱ्या मिल, मोठमोठे पंखे, हे सगळं विजेवरच चालतं. आणि ते कसंही चालू करून चालत नाही. बॉयलरमधला धूर बाहेर ओढणारा आयडी फॅन आधी, हवा आत ढकलणारा एफडी फॅन नंतर. मग निदान पाच मिनिटं हवा खेळवून भट्टी साफ करायची, म्हणजे आत साठलेला गॅस पेटून स्फोट व्हायला नको. मग तेलावर ज्वाळा, मग कोळसा, मग वाफ, मग टर्बाइन ३००० फेऱ्यांवर, आणि ग्रिडच्या ५० हर्ट्झशी जुळलं की मगच ब्रेकर लावायचा.

इलेक्ट्रिकल आणि मेकॅनिकलच्या मित्रांना हे माहीत आहे. मी संगणक शाखेच्या नजरेने त्यातली एकच गोष्ट दाखवतो. ऑपरेटरने चुकून एफडी फॅनचं बटण आधी दाबलं तरी फॅन चालू होत नाही. कारण ‘आयडी फॅन चालू असेल तरच’ ही अट पॅनेलमध्येच बांधलेली असते. तिला इंटरलॉक म्हणतात. कर्नलच्या भाषेत सांगायचं तर ही डिव्हाइस लिंकच झाली! बंद करतानाही तेच. टर्बाइन थांबलं तरी त्याच्या बेअरिंगचं तेल लगेच बंद करत नाहीत, आणि रोटर थंड होईपर्यंत त्याला हळूहळू फिरवत ठेवतात, नाहीतर तो वाकेल. ज्याच्या जिवावर दुसरा चालतो तो शेवटी झोपतो. नियम तोच.

केंद्राकडून ग्रिडकडे गेलं तर आपलं भद्रावती थेट नकाशावर येतं. इथलं पॉवरग्रिडचं बॅक-टू-बॅक एचव्हीडीसी केंद्र म्हणजे प्रत्येकी ५०० मेगावॅटचे दोन ब्लॉक. १९९७-९८ मध्ये ते सुरू झालं. पश्चिम विभागातली एसी वीज इथे डीसी होते आणि त्याच आवारात परत एसी होऊन रामगुंडमच्या बाजूने दक्षिण विभागात जाते, किंवा तिकडून इकडे येते. दोन्ही बाजूंची फ्रिक्वेन्सी जुळलेली नसली तरी चालतं, हा त्याचा उपयोग. पण त्याचीही एक अट आहे. इथले थायरिस्टर बंद व्हायला बाहेरच्या एसी जाळ्याचं व्होल्टेज लागतं. म्हणजे दोन्ही बाजूंची जाळी आधी जिवंत हवीत. पलीकडचं जाळं मेलेलं असेल तर या केंद्राने एकट्याने ते उठवायचं म्हटलं तरी जमणार नाही. इतका मोठा ग्राहक, पण पुरवठादार उठल्याशिवाय त्याचं काही चालत नाही!

३० आणि ३१ जुलै २०१२ आठवा. पहिल्या दिवशी उत्तर विभागाचं ग्रिड कोसळलं, दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य असे तीन विभाग. देशाची जवळजवळ निम्मी लोकसंख्या अंधारात. पश्चिम विभाग वाचला आणि दक्षिणही वाचला. दक्षिण तेव्हा बाकीच्या देशाशी भद्रावतीसारख्या एचव्हीडीसी जोडण्यांनीच बांधलेला होता. रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही लाईनने त्याची फ्रिक्वेन्सी देशाशी जुळली ती ३१ डिसेंबर २०१३ ला. त्या दोन दिवसांत मेलेलं ग्रिड उठवलं कसं? सगळी बटणं एकदम दाबून तर नक्कीच नाही. जलविद्युत केंद्र थोड्याशा विजेवर स्वतः उठू शकतं, म्हणून त्यांच्याकडून, आणि जिवंत असलेल्या पश्चिम विभागाकडून, औष्णिक केंद्रांपर्यंत सुरुवातीची वीज पोचवली गेली. याला ब्लॅक स्टार्ट म्हणतात. ग्रिड कोडनुसार ही योजना आधीच लिहून ठेवावी लागते आणि तिचा सरावही करावा लागतो.

म्हणून माझं म्हणणं एका वाक्यात असं: क्रम पाठ करू नका, नशिबावरही सोडू नका; कोणाला कोण लागतं ते लिहून ठेवा, क्रम त्यातून आपोआप निघतो. हे मी नवीन सांगतोय असंही नाही. १९७६ मध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ‘मेक’ केलं ते याच तत्त्वावर. फाईल कशावर अवलंबून आहे ते लिहा, कोणती आधी कंपाईल करायची ते मेक बघेल. डेटा स्ट्रक्चरमध्ये आपण टोपोलॉजिकल सॉर्ट शिकतो, पाच मार्कांसाठी शिकतो आणि विसरतो. तो याचसाठी आहे.

यावर काही मित्र म्हणतील, ‘अरे, पण चालतंय ना! कशाला एवढा घोळ?’ आणि हा मुद्दा अगदीच पोकळ नाही. डिफर्ड प्रोब आजही कर्नलमध्ये आहे आणि राहणार आहे, कारण जगातली प्रत्येक गरज कोणी लिहून ठेवलेली नसते. लिहिलेली माहिती चुकीचीही असू शकते. कॅमेरा आणि त्याचा रिसीव्हर यांच्या नोंदींत एकमेकांचं नाव असतं. दोघंही ‘आधी तू, आधी तू’ करत बसले तर? लखनवी नवाबांची गाडी सुटायची ती सुटतेच! अशी वर्तुळं कर्नलला ओळखून सैल करावी लागतात, आणि न येणाऱ्यासाठी थांबायची मुदतही ठरवावी लागते. म्हणजे लिहून ठेवणं हा रामबाण नाही, हे मान्य. पण लिहिलेली चूक सापडते आणि दुरुस्त होते. न लिहिलेली चूक एखाद्या रात्री उपटते आणि मग तिला वाचायला काहीच नसतं.

आपल्या फायनल इयरच्या प्रोजेक्टांकडेच बघा ना. सेन्सर कधी दिसतो, कधी दिसत नाही. मग कोणीतरी सुरुवातीला ‘स्लीप ५’ लिहितं. डेमोच्या आदल्या रात्री त्याचं ‘स्लीप १०’ होतं. प्रोजेक्ट चालतो, टाळ्या पडतात. पुढच्या वर्षी ज्युनिअर तोच कोड घेतो, बोर्ड बदलतो, आणि दहा सेकंद कशाची वाट बघायची होती हे त्याला सांगायला कोणी नसतं. एक ओळ लिहिली असती, की हा सेन्सर अमुक रेग्युलेटरवर चालतो, तर त्याचे आठ दिवस वाचले असते.

हॉस्टेलचंही तेच. कुठल्याही हॉस्टेलची लाईट जाऊन परत आली की काय काय चालू करावं लागतं? बोअरचा पंप, वरची टाकी, आरओ, मेसचं यंत्र, विंगचे स्विच, राऊटर, सर्व्हर. कोणतं आधी, कोणतं नंतर, हे बहुधा एकाच वायरमनकाकांना ठाऊक असतं. काकांच्या अनुभवापुढे मी हात जोडतो. पण काका दिवाळीला गावी गेले की सगळं हॉस्टेल डिफर्ड प्रोबवर येतं. हे बटण दाबून बघ, ते दाबून बघ. टाकीत पाणी नसताना आरओ चालू, राऊटर उठायच्या आत सर्व्हर चालू. यात काकांचा काय दोष? आपण त्यांना कधी विचारून लिहूनच घेतलं नाही!

तेव्हा तीन छोट्या सूचना करतो. पहिली, प्राध्यापकांना: ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रॅक्टिकलमध्ये एक प्रयोग घाला. साधा लिनक्स बोर्ड घ्यायचा, डिव्हाइस ट्रीमधून एका रेग्युलेटरची नोंद काढायची आणि कोण कोण अडकलं ते बूटच्या लॉगमध्ये शोधायचं. एका तासात जे कळेल ते दहा आकृत्यांनी कळणार नाही. दुसरी, सगळ्या शाखांच्या मित्रांना: औद्योगिक भेटीला संगणक आणि इलेक्ट्रिकलने एकत्र जावं. त्यांनी आपल्याला इंटरलॉक दाखवावा, आपण त्यांना डिव्हाइस लिंक दाखवावी. दोघांनाही आपलंच घर दुसऱ्याच्या खिडकीतून दिसेल. तिसरी, हॉस्टेलच्या पोरांना: या सुट्टीच्या आधी एका संध्याकाळी काकांबरोबर चहा घ्या आणि प्रत्येक पॅनेलवर एक कागद चिकटवा. त्यावर ‘पहिलं, दुसरं, तिसरं’ असे आकडे लिहू नका. ‘हे चालू करण्याआधी काय चालू हवं’ एवढंच लिहा. आणि खाली ‘हे बंद केलं तर कोण अडेल’ तेही लिहा.

आकडे उद्या नवा पंप बसला की चुकतील. ‘काय चालू हवं’ याचा कागद मात्र टिकेल, त्यात नव्या पंपाची फक्त एक ओळ वाढेल. कर्नलला हे कळायला बरीच वर्षं गेली. आपल्याला एक संध्याकाळ पुरेल.

– अंतिम वर्ष, संगणक शाखा